घर सोडताना वाचलेली नाटके

संपादकांचे पत्र यंदा उशिरा हाती आले, कारण ते शहापुरातल्या जुन्या पत्त्यावर गेले होते. ज्या घरात आम्ही एकेचाळीस वर्षे राहिलो, त्या घराच्या नव्या मालकांनी ते जपून ठेवले आणि एका रविवारी स्कूटरवरून इकडे आणून दिले. मराठी नाटकातील वार्धक्य या विषयावर लिहावे, ‘नटसम्राट’वर आपण पूर्वी आमच्याच अंकात लिहिले होते, तो धागा पुढे न्यावा, असा मजकूर होता. तो जुना लेख मला चांगला आठवतो. त्यात मी जे लिहिले होते त्यातले निम्मे आज मला मान्य नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या निम्म्याची दुरुस्ती आहे.

दुरुस्तीचे कारण आधी सांगतो. गेल्या वैशाखात आम्ही दोघांनी ते घर विकले आणि गावाबाहेर, वेंगुर्ले रस्त्याच्या बाजूला, ज्येष्ठांसाठी बांधलेल्या एका निवासात राहायला आलो. दोन खोल्या, एक लहानशी गॅलरी, सर्वांचे मिळून एक भोजनगृह, उशाशी रात्री-अपरात्री दाबायची घंटा आणि आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर, असा हा संसार आहे. संस्थेच्या पत्रकात ‘ज्येष्ठ नागरिक निवास’ असे छापले आहे. आम्हाला घेऊन आलेल्या रिक्षावाल्याने मात्र फाटकाशी थांबून, ‘‘ह्योच न्हवं वृद्धाश्रम?’’ असे विचारले, आणि माझी मान खाली गेली. वास्तविक मान खाली जाण्यासारखे काही घडले नव्हते. मुलगा बंगळुरात आहे, मुलगी पुण्यात. दोघांनीही मनापासून बोलावले होते. आम्हाला कोणी घराबाहेर काढलेले नाही. तरीही त्या एका शब्दाची मला लाज वाटली. ही लाज मी कोठून शिकलो, याचा विचार करता ध्यानात आले, की तिचा बराचसा भाग मी नाटकांतून शिकलो होतो, आणि पुढे सव्वीस वर्षे वर्गात उभा राहून तो मीच इतरांना शिकवला होता.

घर सोडायचे हे पत्नीने तीन वर्षांपूर्वीच ठरवले होते. जिना चढवत नाही, पाणी भरवत नाही, रात्री काही झाले तर हाक कोणाला मारायची, असे तिचे साधे मुद्दे होते. माझे मुद्दे सगळे साहित्यातले. ‘‘म्हणजे आपण आता बेलवलकर व्हायचं का?’’ असे मी विचारी आणि हा प्रश्न मला बिनतोड वाटे. तिसऱ्या वर्षी एका पहाटे, नळाला पाणी आले म्हणून उठलेली ती न्हाणीत घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. प्लॅस्टरच्या त्या सहा आठवड्यांत मी आयुष्यात पहिल्यांदा घर चालवले. संध्याकाळी करमणूक म्हणून मी तिला जुनी नाटके वाचून दाखवत असे. मी इतकी वर्षे एकट्याने किंवा वर्गात वाचलेली ही नाटके, समोर हात गळ्यात बांधून बसलेल्या बायकोला वाचून दाखवताना वेगळी होऊ लागली. त्या वाचनातून हा लेख निघाला.

*

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७०च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले. मुंबईतील गोमंतकीयांच्या गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, पुरुषोत्तम दारव्हेकरांचे दिग्दर्शन आणि डॉ. श्रीराम लागूंचा गणपतराव बेलवलकर. १९७४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१६ साली नाना पाटेकरांना घेऊन त्याचा चित्रपट झाला. म्हणजे सुमारे अर्धशतक मराठी माणूस आपल्या म्हातारपणाचे चित्र या नाटकाच्या चौकटीत पाहत आला आहे. कथानक सर्वांना ठाऊक आहे. निवृत्त झालेला थोर नट आपली सारी मालमत्ता मुलामुलीला वाटून टाकतो, मुलाच्या घरात उपरा होतो, मुलीच्या घरात चोरीचा आळ येतो, पत्नी कावेरी दगावते, आणि आप्पासाहेब पदपथावर बूटपॉलिश करणाऱ्या एका पोराच्या आश्रयाला येतात.

माझ्या जुन्या लेखात मी या नाटकाला ‘कृतघ्नतेची शोकांतिका’ म्हटले होते. ‘किंग लिअर’शी तुलना करून दोन पाने खर्ची घातली होती. ते चूक नव्हते, पण पुरते बरोबरही नव्हते. आता वाचताना मी पहिल्याच अंकात अडलो. आप्पासाहेब सर्वस्व देऊन टाकतात तो प्रसंगही त्यांनी एका भूमिकेसारखा वठवला आहे. देताना ते टाळ्या घेतात. त्याच सुमारास कावेरी त्यांना बजावते, की देण्यालाही मर्यादा असावी, स्वतःची बसायची जागा तरी हातची जाऊ देऊ नये. हे ती स्वयंपाकघरातल्या भाषेत, ताट आणि पाट यांच्या दृष्टान्ताने सांगते. तिचे ते वाक्य पुढे महाराष्ट्रात म्हणीसारखे झाले. मीही ते वर्गात मोठ्या चवीने म्हणत असे, पण ते कावेरीलाच का सुचते, हे मी कधी विचारले नाही. नाटकातला सर्वांत शहाणा सल्ला ज्या व्यक्तीने दिला, तिला नाटककाराने एकही स्वगत दिलेले नाही. सगळी स्वगते आप्पांची. घर मागणारे ते सुप्रसिद्ध स्वगतही आप्पांचेच. कावेरी मरते, पण तिचे घर गेले त्याचे काय, हे आपल्याला कळत नाही. तिचे दुःख आपण आप्पांच्या आवाजात ऐकतो.

आणखी एक गोष्ट. आप्पांना शेवटी आसरा मिळतो तो रक्ताच्या नात्याबाहेर. राजा नावाचा तो पोर त्यांच्यासाठी जे करतो, ते नंदा आणि नलूने केलेले नाही. मी यात फक्त अधःपात पाहिला होता : कुठे तो रंगमहाल आणि कुठे हा पदपथ! आता मला त्यात आणखी काही दिसते. परक्यांच्या शेजारीही माणूस माणसासारखा जगू शकतो, हे नाटक जाता जाता सांगते. मात्र नाटकाच्या रचनेत ते सर्वनाशानंतर येते, म्हणून प्रेक्षक ते सर्वनाशाचा भाग म्हणूनच घरी घेऊन जातो.

या संदर्भात दोन वस्तुस्थितींची नोंद करावीशी वाटते. पहिली अशी, की आप्पांच्या चुकीवर पुढे कायद्याने उतारा काढला. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ साली केंद्राने जो कायदा केला, त्याच्या तेविसाव्या कलमानुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने ती अट मोडली, तर देणाऱ्याला ते हस्तांतर रद्द करून घेता येते. बेलवलकरांच्या नशिबी हे कलम नव्हते. दुसरी वस्तुस्थिती अधिक बोलकी आहे. ज्या गोवा हिंदू असोसिएशनने ‘नटसम्राट’ रंगमंचावर आणले, तीच संस्था गोव्यात फोंड्याजवळ बांदोड्याला ‘स्नेहमंदिर’ नावाचा वृद्धाश्रम चालवते. एकाच संस्थेने घर गमावलेल्या म्हाताऱ्याचे दुःख रंगमंचावर मांडले आणि म्हाताऱ्यांसाठी घरही उभे केले. आपण समीक्षकांनी मात्र पहिल्याच कार्यावर लिहिले, दुसऱ्याकडे वळून पाहिले नाही.

*

जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ त्यानंतर काही वर्षांतच आले. विजया मेहतांनी ते बसवले होते. ‘नटसम्राट’मध्ये वादळ आहे, तर इथे वारासुद्धा पडलेला. नाना आणि नानी. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात. घर स्वतःचे, खायला-प्यायला कमी नाही, कोणी छळत नाही, कोणी हाकलत नाही. दारावर आलेला कोणीही माणूस त्यांना हवासा वाटतो, इतके त्यांचे दिवस रिकामे आहेत. सैन्यातला मुलगा जातो, अमेरिकेतला येत नाही, आणि शेवटी दोघे झोपेच्या गोळ्या घेऊन आपला कारभार आटोपतात.

दळवींचे धैर्य असे, की त्यांनी खलनायक ठेवला नाही. मुलगे दुष्ट नाहीत, काळच तसा आहे, हे मराठी मध्यमवर्गाला त्यांनी फार लवकर आणि फार संयमाने सांगितले. या बाबतीत ते शिरवाडकरांच्या पुढे गेले, असे मी पूर्वी म्हटले होते आणि ते आजही मला मान्य आहे. शिवाय इथे बाईला आवाज आहे. नाना आणि नानी यांच्यातली चेष्टा, रुसवा, एकमेकांना सावरणे, हे सगळे बरोबरीचे आहे. शेवटचा निर्णयही दोघांनी मिळून घेतलेला आहे.

पण तो निर्णय कोणता, इथेच पत्नीने मला थांबवले. मी शेवटचा प्रवेश वाचून पुस्तक मिटले, डोळे पुसले. तिचे डोळे कोरडे होते. ती म्हणाली, ‘‘यांना दुसरीकडे कुठे जाता आलं नसतं का हो?’’ मी तेव्हा हसलो. शोकांतिकेला असा प्रश्न विचारायचा नसतो, असे काहीतरी पुस्तकी बोललोही. परंतु तो प्रश्न मनातून जाईना. नाना-नानींच्या घराला दोन दारे आहेत : एका दारात उभे राहून वाट पाहायची, नाहीतर दुसऱ्या दारातून जगाबाहेर निघून जायचे. तिसरे दार त्या नेपथ्यात बांधलेलेच नाही.

याबद्दल दळवींना दोष देता येणार नाही. त्या काळी मध्यमवर्गीय जोडप्याला तिसरे दार बहुधा नव्हतेच. पुण्याला डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभा राहिलेला आश्रम एकोणिसाव्या शतकापासून होता, पण तसल्या संस्था निराधारांसाठी. ज्याला घर आहे आणि मुले आहेत, त्याने तिकडे जाणे म्हणजे मुलांच्या तोंडाला काळे फासणे. दळवींनी आपल्या काळाचे नेपथ्य प्रामाणिकपणे उभे केले. चूक झाली ती आमची. एका विशिष्ट काळाचे नेपथ्य आम्ही वार्धक्याचे कायमचे सत्य म्हणून शिकवत राहिलो. पन्नास वर्षांपूर्वीच्या दिवाणखान्यात दोन दारे होती, म्हणून मी माझ्या घराचे तिसरे दार तीन वर्षे उघडू दिले नाही.

*

महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५चे. तेही विजया मेहतांनीच प्रथम रंगभूमीवर आणले. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या दोन नाटकांनी ही त्रयी पूर्ण झाली. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा ढासळतो आहे, अंगणात बिघडलेला ट्रॅक्टर गंजत पडला आहे, तात्याजी गेले आहेत, आणि त्यांच्या दिवसांचा खर्च कसा भागवायचा यावरून घर फुटते आहे. दादी नावाची जख्ख म्हातारी पुन्हा पुन्हा वेळ विचारते. आपला मुलगा गेला, हे तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

हे नाटक मी वर्गात वाड्याचे विलापगीत म्हणून शिकवले. चिरे निसटत आहेत, संस्कृती कोसळते आहे, असे म्हणताना माझा गळा भरून येई. वास्तविक एलकुंचवार कोठेही गळा काढत नाहीत. वाडा माणसांना सांभाळतो त्यापेक्षा अधिक तो त्यांना गिळतो, हे त्यांनी निर्दयपणे दाखवले आहे. प्रभाला शिकायचे होते, वाड्याने शिकू दिले नाही. चंदूचा या वाड्यात बैल झाला आहे. सुधीर मुंबईला गेला, पण वाट्याच्या आशेने वाड्याला बांधलेला राहिला. कोवळ्या रंजूला वाड्याबाहेर पडायला पळून जाण्याखेरीज वाट नाही. घर म्हणजे आसरा, हे समीकरण या नाटकाने मोडले. मी शिक्षक असूनही ते मोडलेले पाहिले नाही, कारण मला वाड्याचे दुःख प्रिय होते. तिन्ही नाटकांत हेच मला सर्वांत श्रेष्ठ वाटते, आणि हेच मी सर्वांत चुकीचे शिकवले.

*

आता पत्नीच्या ज्या बोलण्याने या वाचनाला वळण मिळाले, ते सांगतो. ‘नटसम्राट’चे वाचन संपले त्या संध्याकाळी ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘तुमच्या आप्पासाहेबांना घर सुटल्याचं एवढं का लागलं, ठाऊक आहे? त्यांना ते म्हातारपणी पहिल्यांदा करावं लागलं. मी विसाव्या वर्षी निपाणीचं घर सोडलं, एक पेटी घेऊन. माझ्या घर सोडण्याला तर तुम्ही बँड लावला होता.’’

समीक्षेत अशा वाक्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. मला मात्र माझ्या शेल्फावरची पुस्तके नव्याने लावावी लागली. खरोखरच, आपल्याकडे प्रत्येक लग्न झालेल्या बाईने घर एकदा सोडलेलेच असते. ज्या अंगणात ती वाढली ते एका दिवसात परके होते, नव्या घरातल्या चुलीपासून नावापर्यंत सगळे बदलते, आणि हे सगळे मंगल म्हणून साजरे होते. घर सोडण्याचा, अनोळखी माणसांत मूळ धरण्याचा, मागचे मनात ठेवून पुढचे सारवून घेण्याचा अनुभव समाजातल्या निम्म्या माणसांना विशीच्या आतबाहेरच येऊन गेलेला असतो. उरलेल्या निम्म्यांना, म्हणजे आम्हा पुरुषांना, तो सत्तरीत येतो, आणि आम्ही त्याची शोकांतिका लिहितो. कावेरीला पाटाचा विचार का सुचतो, या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले. आपल्या जागेवरून उठून दुसऱ्याच्या घरात बसायला जागा मिळवणे म्हणजे काय, हे त्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होते.

बायकांनी या अनुभवाचे साहित्यही केले आहे. आम्ही ते नाट्यवाङ्मयाच्या पेपरात कधी धरले नाही, एवढेच. जात्यावरच्या ओवीत माहेर-सासर हा केवढा मोठा विषय आहे, हे आपल्या बेळगावकरांना वेगळे सांगायला नको. याच गावात दीर्घकाळ राहिलेल्या इंदिरा संतांनी बायकांच्या ओव्या मायेने जमवून ‘मालनगाथा’ सिद्ध केली. त्या ओव्यांत न्यायला येणारा मुराळी आहे, माहेरची वाट आहे, सुटलेल्या अंगणाची तुळस आहे. रडणे आहे, पण त्या रडण्याबरोबर हात चालू आहेत, दळण पडते आहे. स्वगत आणि ओवी यांतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. स्वगत म्हणणारा रंगमंचाच्या मध्यभागी एकटा उभा असतो आणि त्याला उत्तर नसते. जात्याला बहुधा दोघी बसतात. एकीच्या ओवीला दुसरीची ओवी मिळते. दुःख तेच, परंतु एका प्रकारात ते माणसाला एकटे पाडते आणि दुसऱ्यात सोबत मिळवून देते. घर सोडण्याच्या दुःखाला मराठीत दोन घाट मिळालेले होते, आणि आम्ही त्यांतला एकच शिकवला.

इथे मला दुसरे ‘युगान्त’ आठवले. सामान बांधताना पुस्तकांच्या अकरा पेट्या झाल्या होत्या. इथल्या कपाटात दोन पेट्यांपुरतीच जागा, बाकीची पुस्तके वाचनालयाला दिली. निवड करताना ‘युगान्त’ नावाची दोन पुस्तके पाहून पत्नीने एक बाजूला काढले होते. एक एलकुंचवारांचे, दुसरे इरावती कर्वे यांचे, १९६७चे, महाभारतातील व्यक्तींवरचे. मी दोन्ही ठेवली, आणि इरावतीबाईंचे पुन्हा वाचले. त्यातील गांधारीच्या प्रकरणात राज्य सोडून वनात आलेली म्हातारी माणसे आहेत.

महाभारताच्या आश्रमवासिकपर्वातला तो भाग आपण फारसा वाचत नाही. युद्धानंतर पंधरा वर्षे धृतराष्ट्र पुतण्याच्या घरी राहिला. युधिष्ठिराने मान राखला, पण भीमाचे टोमणे चालूच होते. शेवटी म्हातारा वनात जायला निघाला, गांधारी निघाली. इथवर हे ‘नटसम्राट’सारखेच आहे : दुसऱ्याच्या घरात नकोसा झालेला वृद्ध. पण त्यांच्याबरोबर कुंतीही निघाली. तिला कोणी टोमणे मारलेले नव्हते. तिचे पाच मुलगे राज्य करत होते आणि ते तिला राहा म्हणून विनवत होते. ती थांबली नाही. डोळे बांधलेल्या गांधारीचा हात तिच्या खांद्यावर, धृतराष्ट्राचा गांधारीच्या खांद्यावर, आणि सर्वांत पुढे कुंती, अशी ती मंडळी हस्तिनापुरातून बाहेर पडली.

कुंतीच पुढे का? महाभारतातील सगळ्यांत जास्त घरे तिने सोडली होती. शूराच्या घरची ती कुंतिभोजाला दत्तक गेली, तेथून पांडूच्या घरी आली, पांडूबरोबर वनात राहिली, विधवा होऊन हस्तिनापुरात परतली, लाक्षागृहातून निसटली, मुलांच्या वनवासात विदुराच्या घरी दिवस काढले. घर सोडण्याची विद्या तिला अवगत होती. धृतराष्ट्र जन्मभर एकाच महालात राहिला होता, त्याला वाट दाखवायला कोणीतरी हवेच होते. आपल्या परंपरेत मुलांचे घर आपण होऊन सोडणाऱ्या आईचे एवढे ठसठशीत चित्र असताना, आधुनिक मराठी नाटकाने म्हाताऱ्यांना एकतर हाकलले, नाहीतर मारले. आपण होऊन निघालेले कोणी दाखवले नाही. कुंतीचा शेवट वणव्यात झाला हे मला माहीत आहे. ती सुखासाठी गेली नव्हती. पण निघाली ती स्वतःच्या पायांनी, आणि दुसऱ्याला आधार देत.

*

या विवेचनावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा, की आपण होऊन निघण्याची चैन सगळ्यांना परवडत नाही. आम्ही घर विकले म्हणून इथली अनामत भरू शकलो. ज्याला विकायला घरच नाही त्याचे काय? २००७च्या कायद्यात दर जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम राज्य सरकारांनी काढावेत, अशी तरतूद आहे. पण ‘काढता येतील’ अशा भाषेतली तरतूद आणि उभी इमारत यांतले अंतर कोणाला सांगायला नको.

दुसरा आक्षेप मला इथे रोज दिसतो. ‘पंधरा दिवसांसाठी’ म्हणून मुलाने आणून सोडलेले एक गृहस्थ फाटकाजवळच्या बाकावर बसतात. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे पाहतात. त्याला आता दुसरा पावसाळा गेला. त्यांना मी ‘नटसम्राट’ जुने झाले असे सांगू शकत नाही. त्यांच्यापुरते ते अक्षरशः खरे आहे. या नाटकांचे मोठेपण कमी करावे असा माझा हेतूच नाही. जो हाकलला गेला त्याचे दुःख शिरवाडकरांनी मांडले, जो मागे राहिला त्याचे दळवींनी. जो निघाला त्याचे अजून कोणी मांडायचे आहे. ते न मांडल्यामुळे निघणाऱ्यालाही हाकललेल्याची लाज सोसावी लागते, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि सीमाभागात ही लाज दुहेरी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी माझे वडील मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्यासाठी त्यांना अंगणसुद्धा ओलांडावे लागले नाही. पुढे १९७३ साली राज्याचे नाव कर्नाटक झाले, २०१४ साली गावाचे नाव बदलले. घर जागेवर राहिले आणि भोवतालचे सगळे हलत गेले. त्यामुळे ‘जागा सोडायची नाही’ हा आमच्याकडे केवळ स्वभाव राहिला नाही, ते व्रत झाले. घर विकतो म्हटल्यावर गल्लीतल्या एका जुन्या कार्यकर्त्याने मला विचारले, ‘‘सर, तुम्हीसुद्धा?’’ त्याच्या दृष्टीने गल्लीतली आणखी एक मराठी पाटी उतरत होती. मला उत्तर देता आले नाही. पाटी उतरली हे खरे आहे, आणि मनगट मोडले होते हेही खरे आहे. भाषेचे ओझे किती दिवस एका म्हातारीने पहाटेच्या पाण्याबरोबर उचलायचे, हा प्रश्न आमच्या चळवळीच्या साहित्यात मी कोठे वाचलेला नाही. तोही कोणी लिहावा.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात अशा लेखनाची एक खूण मला दिसते. स्मृती हरवलेले एक संस्कृत पंडित (डॉ. मोहन आगाशे) रस्त्यावर दिसलेल्या हत्तीमागे निघून जातात आणि माहुताच्या झोपडीत पोहोचतात. माहुताची बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते, आणि ती कन्नड बोलते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना २०१३ सालचा सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘नटसम्राट’मधल्या बूटपॉलिशवाल्या पोराने जे केले तेच ही बाई करते, पण इथे तो अधःपात वाटत नाही. परक्याची माया ही इथे नुसती मायाच आहे, आणि ती परक्या भाषेतून येते. आपल्या भागातल्या लेखकाला याहून जवळचा विषय कोणता असणार?

आमच्या शेजारच्या खोलीत गोकाकच्या एक आजी आहेत. त्यांना मराठी बेताचे येते, पत्नीला कन्नड बाजारापुरते. दुपारी दोघी गॅलरीत बसतात. परवा मी आत वाचत होतो, तर बाहेर पत्नी तिच्या आईची एक ओवी हळू आवाजात म्हणत होती. ती संपल्यावर आजींनी त्यांच्याकडची दळणाची त्रिपदी म्हटली. मग हिने दुसरी ओवी काढली. अर्थ एकमेकींना कितपत लागत होता देव जाणे, पण जात्याशिवाय जाते चालू होते. माझ्या हातात ‘नटसम्राट’ होते. मी ते मिटले नाही, खूण घालून ठेवले.

संपादकांना एक विनंती आहे. पुढील वर्षीचे पत्र नव्या पत्त्यावर पाठवावे. पत्त्यात संस्थेचे पूर्ण नाव घातले नाही तरी चालेल. नुसते ‘वृद्धाश्रम, वेंगुर्ले रस्ता’ लिहावे. टपालवाला आणि रिक्षावाला दोघांनाही तेच नाव ठाऊक आहे, आणि आता माझीही त्याला हरकत नाही.